यीस्ट: ‘हवेतल्या’ नमुन्यातही हेम-१३ चालू, डॅन-१ मात्र कुठेच नाही

अडाणकाठ (दिग्रस, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. कॉलेजात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या मुलींचा प्रकल्प चालू आहे. ऑक्सिजन कमी झाला की सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये (बेकरी यीस्टमध्ये) कोणती जनुकं चालू होतात, हे आरटी-पीसीआरने दाखवायचं. केलं ते असं:

स्ट्रेन बीवाय४७४१, माध्यम वायपीडी (ग्लुकोज २ टक्के). ‘हवेतला’ नमुना म्हणजे २५० मिलीच्या फ्लास्कात १५० मिली कल्चर, ३० अंशांवर, शेकर १२० फेरे, रात्रभर. ‘बिनहवेचा’ नमुना त्याच कल्चरचा. सकाळी १०० मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरलं, वरून दोन सेंटिमीटर लिक्विड पॅराफिन ओतलं आणि एक तास ठेवलं. मग दोन्ही १० मिनिटं सेंट्रिफ्यूज, गरम फिनॉलने आरएनए, सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए-प्रत), ३५ चक्रांचं पीसीआर आणि अ‍ॅगरोज जेल.

निकाल: तुलनेसाठी घेतलेलं अ‍ॅक्टिनचं जनुक (अ‍ॅक्ट-१) दोन्हीकडे आलं. बाकीची तीन जनुकं ऑक्सिजन कमी झाल्यावर वाढायला हवीत. हेम-१३ दोन्हीकडे सारखंच. एएनबी-१ दोन्हीकडे सारखंच. डॅन-१ दोन्हीकडे शून्य.

तीन शंका आहेत. यीस्टमध्ये ऑक्सिजन ओळखणारं प्रथिन नेमकं कोणतं, माणसाच्या एचआयएफसारखं (ऑक्सिजन घटला की जनुकं चालू करणारं प्रथिन) काही आहे का? आमची चूक पद्धतीत आहे की पीसीआरमध्ये? आणि नायट्रोजनचं सिलिंडर मागवायलाच लागेल, की मेणबत्तीच्या जारवर भागेल? एप्रिल लागला आहे, लोडशेडिंग सुरू आहे, तेही लक्षात घ्या.

---

वऱ्हाडी_खमीर

मॅडम, पहिल्या शंकेपासून घेतो, कारण दुसरीचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

एचआयएफ यीस्टमध्ये नाही. २०१९ चं वैद्यकाचं नोबेल ज्या यंत्रणेला मिळालं ती प्राण्यांची आहे. तिथे ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम एचआयएफवर खूण करतं आणि मग ते प्रथिन नष्ट होतं. बेकरी यीस्टचा कारभार आडवळणाचा आहे. ही पेशी ऑक्सिजन थेट मोजत बसत नाही. ऑक्सिजनशिवाय जे बनूच शकत नाही ते कमी पडतंय का, हे ती पाहते. कणगी रिकामी व्हायला लागली की दुष्काळ कळावा तसं. अशा तीन वस्तू आहेत: हीम, अर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त स्निग्धाम्लं.

हीम. ते बनवण्याच्या साखळीत हेम-१३ आणि हेम-१४ या दोन पायऱ्यांना ऑक्सिजन लागतो. हीम भरपूर असलं की ते हॅप-१ या प्रथिनाला चिकटतं आणि हॅप-१ श्वसनाची जनुकं (उदाहरणार्थ सायटोक्रोम-सीचं सीवायसी-१) चालू करतं. त्याच वेळी ते रॉक्स-१ नावाच्या दाबणाऱ्या प्रथिनाचं जनुकही चालू करतं. रॉक्स-१ हे ट्यूप-१ आणि एसएसएन-६ या जोडीला बोलावून ‘कमी ऑक्सिजनची’ जनुकं बंद ठेवतं: एएनबी-१, कॉक्स-५बी, एएसी-३ आणि तुमचं हेम-१३. हीम उतरलं की हॅप-१ ढिलं पडतं, नवं रॉक्स-१ बनत नाही, जुनं संपतं आणि झाकण उघडतं. म्हणजे या जनुकांना ‘चालू हो’ असं कोणी सांगत नाही, त्यांच्यावरचा दाब उठतो.

अर्गोस्टेरॉल. स्क्वालीनपासून त्याचा एक रेणू बनवायला ऑक्सिजनचे १२ रेणू लागतात. स्टेरॉल घटलं की यूपीसी-२ जागं होतं. स्टेरॉल बनवणारी ईआरजी जनुकं, बाहेरून स्टेरॉल आत ओढणारी एयूएस-१ व पीडीआर-११, आणि पेशीभित्तीची डॅन व टीआयआर कुळातली प्रथिनं यांच्यावर त्याचा ताबा आहे. हवेत पेशीभित्तीत सीडब्ल्यूपी-१, सीडब्ल्यूपी-२ ही प्रथिनं असतात. हवा गेली की त्यांची जागा डॅन आणि टीआयआर घेतात.

स्निग्धाम्लं. ओले-१ हे एन्झाइम संतृप्त साखळीत दुहेरी बंध टाकतं आणि त्यालाही ऑक्सिजन लागतो. त्याचा पहारेकरी एमजीए-२. ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलात अडकवलेलं असतं. गरज पडली की त्याचा पुढचा तुकडा कापून सुटतो आणि केंद्रकात जाऊन ओले-१ वाढवतो.

आता हे तिन्ही साठे एकाच वेळी संपत नाहीत, आणि तुमच्या निकालाची किल्ली इथे आहे. ओले-१ अर्ध्या तासाच्या आत वर येतं. हेम-१३, एएनबी-१ तासाभरात. डॅन-१ सगळ्यात उशिरा येतं, कारण त्याच्यावर रॉक्स-१ आणि एमओटी-३ यांचा दाब आहे, यूपीसी-२ ची गरज आहे, आणि ऑक्सिजन जवळजवळ शून्यच लागतो. पहिल्या तासात डॅन-१ दिसलं नाही यात काही नवल नाही. तीन-चार तासांनी पाहा, आणि एकदा रात्रभरानंतरही.

पण तुमच्या बाटलीत ते रात्रभरानेही आलं नसतं! रात्रभर वाढलेल्या कल्चरमधलं ग्लुकोज संपलेलं असतं. पेशी तेव्हा इथेनॉलवर जगतात आणि इथेनॉल जाळायला ऑक्सिजनच लागतो. असं कल्चर पॅराफिनखाली ठेवलं म्हणजे पेशींना ना हवा, ना आंबवायला साखर. वाढ थांबली, नवी प्रथिनं बनवायला ऊर्जा नाही, आणि पेशी दुभंगत नाहीत म्हणून आतलं हीम-स्टेरॉल वाटलंही जात नाही. कमी ऑक्सिजनची जनुकं पाहायची तर वाढती पेशी घ्या: ताज्या वायपीडीत ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.२ पासून सुरू करून ०.५ ते ०.८ ला हवा तोडा.

आता ‘हवेतला’ नमुना. खरी गडबड तिथे आहे. २५० मिलीच्या फ्लास्कात १५० मिली आणि १२० फेरे, याला हवेतलं कल्चर म्हणता येणार नाही. हिशोब मांडू. ३० अंशांना हवेने तृप्त पाण्यात लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे ०.२३ मिलिमोल. ओडी १ च्या कल्चरमध्ये लिटरला साधारण ०.४ ग्रॅम कोरडं यीस्ट धरा. ग्लुकोजवर वाढताना ते ग्रॅममागे तासाला दोन-तीन मिलिमोल ऑक्सिजन खातं. म्हणजे लिटरमागे तासाला सुमारे एक मिलिमोल. शेकर थांबला तर ०.२३ मिलिमोलचा साठा १४ मिनिटांत खलास. ओडी १० असेल तर दीड मिनिटात.

रात्री लाइट गेली होती का, हे विचारायचीही गरज नाही. इतक्या भरलेल्या फ्लास्कात शेकर चालू असूनही ऑक्सिजन पुरत नाही. म्हणजे दोन्ही नमुने एकाच अर्धवट हवेतले आहेत आणि हेम-१३ दोन्हीकडे उघडं आहे. जेल बरोबर सांगतंय, लेबल चुकलंय.

हवेतल्या नमुन्यासाठी: २५० मिलीच्या फ्लास्कात २५ मिली, फार तर ४०. फेरे २००. कापसाचा बोळा सैल, वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळू नये. ओडी १ च्या आत नमुना काढा. दोन्ही नमुन्यांचा ओडी सारखा ठेवा, नाहीतर फरक ऑक्सिजनचा की वाढीच्या टप्प्याचा, हे कळणार नाही.

---

नळी_आणि_बर्फ

वरचं पटलं, पण पीसीआरलाही इतक्यात सोडू नका.

३५ चक्रं म्हणजे सगळे पट्टे छताला टेकलेले. हेम-१३ हवेतही पूर्ण बंद नसतं. हवेतच तर हीम जास्त बनवायचं असतं, मग ते एन्झाइम शून्यावर कसं जाईल? ते काही पटींनी वर-खाली होतं. शेवटच्या टप्प्याच्या पीसीआरमध्ये ही पट दिसत नाही. २०, २३, २६, २९ अशा चक्रांना नळ्या बाहेर काढा आणि पट्टा नुकता दिसू लागतो त्या चक्राची तुलना करा. रिअल-टाइम मशीन मिळालं तर उत्तम. नागपूर-अमरावतीत विद्यापीठाच्या विभागांत विचारून पाहा.

दुसरी गोष्ट जीनोमिक, म्हणजे पेशीच्या मूळ डीएनएची. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) दिल्याचा उल्लेख नाही. यीस्टच्या बहुतेक जनुकांत इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकला जाणारा तुकडा) नाहीत. हेम-१३ मध्येही नाही, त्यामुळे डीएनएवरून आलेला पट्टा आणि सीडीएनएवरून आलेला पट्टा एकाच लांबीचे दिसतात. अ‍ॅक्ट-१ मध्ये मात्र सुरुवातीलाच सुमारे ३०० बेसचा इंट्रॉन आहे. प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतं ते डीएनएचे छोटे तुकडे) त्याच्या दोन्ही बाजूंना पडतील असे घ्या. जेलवर छोट्या पट्ट्यासोबत ३०० ने मोठा पट्टा आला तर डीएनए शिल्लक आहे, हे फुकटात कळतं. आणि प्रत्येक आरएनएची रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली नळी लावाच.

इथे एक तर्क आहे. डीएनएची भेसळ असती तर डॅन-१ चा पट्टाही यायला हवा होता. तो नाही, म्हणजे एकतर डीएनए नाही, नाहीतर डॅन-१ चे प्रायमरच चालत नाहीत. यातलं काय खरं ते एका नळीत ठरतं: शुद्ध जीनोमिक डीएनएवर डॅन-१ चे प्रायमर लावा. पट्टा आला तर प्रायमर ठीक आणि ‘शून्य’ हा खरा निकाल. नाही आला तर आजवरचे डॅन-१ चे सगळे शून्य बाद धरा.

एएनबी-१ चा वेगळा फास आहे. त्याचं एक जुळं भावंड आहे, हायप-२ (टीआयएफ५१ए असंही म्हणतात). दोन्ही जनुकं ईआयएफ-५ए हेच प्रथिन बनवतात. हायप-२ हवेत चालतं, एएनबी-१ हवा नसताना. दोघांचा प्रथिन लिहिणारा भाग इतका सारखा आहे की त्यावर बेतलेले प्रायमर दोन्हींना लागतात, आणि मग पट्टा कायमच ‘दोन्हीकडे सारखा’ येतो. निदान एक प्रायमर तरी जनुकाच्या शेपटीकडच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागावर घ्या. तुमच्या प्रायमरचा क्रम दोन्ही जनुकांशी जुळवून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

संदर्भ जनुक म्हणून एकट्या अ‍ॅक्ट-१ वर भरवसा ठेवू नका. वाढीचा वेग बदलला की ते हलतं. सोबत एएलजी-९ किंवा टीएएफ-१० घ्या.

आता नमुना काढणं. १० मिनिटं उघड्या ट्यूबमध्ये सेंट्रिफ्यूज केलं की बिनहवेच्या पेशींना परत हवा मिळते. यीस्टच्या एमआरएनएचं आयुष्य मिनिटांत मोजायचं असतं, बऱ्याच एमआरएनएचं अर्धायुष्य १० ते २० मिनिटं. तेवढ्यात चित्र पुसट होतं. बाटलीला ब्यूटाइल रबरचं बूच लावा. सिरिंजमध्ये आधी नायट्रोजन भरून बाहेर टाका, तसं दोन-तीनदा करा, मग नमुना ओढा. ओढलेला नमुना थेट बर्फ-मिठात गार केलेल्या मिथेनॉलमध्ये सोडा. ठेचलेल्या बर्फात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं जाडं मीठ घातलं की उणे १५-२० पर्यंत उतरतं, ड्राय आइस लागत नाही. त्यानंतर सेंट्रिफ्यूज, गोळा लगेच उणे ८० ला, नाहीतर त्याच दिवशी फिनॉलमध्ये. ‘हवेतला’ नमुनाही तसाच काढा. शेकरवरून उचलून टेबलावर ठेवला, लेबलं लिहिली, गप्पा मारल्या, की वरच्या हिशोबातली १४ मिनिटं संपलीच.

---

अडाणकाठ

दोघांचे आभार. डीएनेज दिलं नव्हतं. एएनबी-१ चे प्रायमर तपासले, दोन्ही प्रथिनाच्या भागावरच आहेत, म्हणजे तो निकाल बादच. डॅन-१ जीनोमिक डीएनएवर लावतोय. जार आणि नायट्रोजनचं कोणी सांगाल का?

---

मोर्शीचं_संत्र

मेणबत्तीचा जार सोडून द्या. मेणबत्ती विझते तेव्हाही आत बहुतांश ऑक्सिजन शिल्लक असतो, वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. नायसेरियासारख्या, जास्त कार्बन डायऑक्साइड लागणाऱ्या जीवाणूंना चालेल, या कामाला नाही. पॅराफिनचंही तेच. पॅराफिनमध्ये ऑक्सिजन पाण्यापेक्षा जास्त विरघळतो, त्यामुळे तो थर गळती मंद करतो, थांबवत नाही.

नायट्रोजन मागवताना शुद्धता विचारा. ९९.९९ टक्के म्हणजे उरलेल्या भागात १०० पीपीएमपर्यंत ऑक्सिजन असू शकतो. हवेत तो सुमारे २,०९,५०० पीपीएम असतो आणि तृप्त पाण्यात २३० मायक्रोमोलर. त्या प्रमाणात १०० पीपीएमला द्रावणात ०.१ मायक्रोमोलर येतो. हेम-१३ दाखवायला तेवढं पुरे. डॅन-१ आणि खरी बिनहवेची वाढ पाहायची तर ९९.९९९ टक्क्यांचा घ्या. पण सिलिंडरवर पैसे घालून नळी सिलिकॉनची वापरली तर सगळं पाण्यात, कारण सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज आत शिरतो. जाड ब्यूटाइल रबर किंवा तांब्या-स्टीलची बारीक नळी, तीही शक्य तेवढी आखूड.

माध्यम १० मिनिटं उकळा, नायट्रोजन सोडत गार करा, मग लिटरला ०.५ ग्रॅम सिस्टीन आणि १ मिलिग्रॅम रेझाझुरिन. गुलाबी रंग आहे तोवर ऑक्सिजन आहे, रंग उडाला की चालेल. हे न पेरलेल्या बाटलीत पाहायचं. पेरलेल्या बाटलीत यीस्ट स्वतःच रंग उडवतं आणि आपली फसगत होते.

सिलिंडर नकोच असेल तर अ‍ॅनेरोबिक जारमध्ये तयार पाकीट टाका. तेही नसेल तर जुना उपाय: स्टीलवूल साबणाने धुऊन तेल काढायचं, सल्फ्युरिक आम्लाचे थेंब घातलेल्या मोरचुदाच्या द्रावणात बुडवायचं, तांबूस झालं की निथळून लगेच जारमध्ये. लोखंड गंजताना ऑक्सिजन ओढून घेतं. मोरचूद आमच्या भागात शोधावं लागत नाही. बोर्डोसाठी प्रत्येक संत्रा बागायतदाराकडे पोतं असतं. जारमधला निर्देशक घरीच करा: ६ टक्के ग्लुकोज, दशांश नॉर्मल कॉस्टिक सोडा ६ मिली घेऊन पाण्याने १०० मिली, ०.५ टक्के मिथिलीन ब्लू ३ मिली घेऊन पाण्याने १०० मिली. तिन्ही समप्रमाणात मिसळून परीक्षानळीत रंग जाईपर्यंत उकळा आणि लगेच जारमध्ये ठेवा. परत निळं झालं तर जार गळतोय.

ऑक्सिजनशिवाय यीस्ट वाढवायचं तर माध्यमात अर्गोस्टेरॉल लिटरला १० मिलिग्रॅम आणि ट्वीन-८० लिटरला ४२० मिलिग्रॅम घाला. अर्गोस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. ते ट्वीनसोबत थोड्या अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये गरम करून विरघळवा आणि मग घाला. (अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना कॉलेजकडे आहे ना, ते आधी पाहा. दारूबंदीच्या वर्ध्याकडे तर विचारायलाच नको.) ट्वीनमधून ओलिक आम्ल मिळतं, त्यामुळे ओले-१ दबतं. ओले-१ मोजायचं असेल तर ती बाटली ट्वीनशिवाय लावा.

ट्वीन-अर्गोस्टेरॉल घातलेली आणि न घातलेली बाटली यांत पहिल्या दिवशी काहीच फरक दिसत नाही. मुली म्हणतील, पुस्तक खोटं. हवेत वाढलेल्या पेशींजवळ काही पिढ्या पुरेल एवढं स्टेरॉल असतं. पहिल्या बाटलीतून दुसरीत शंभरास एक असं पेरा, तिच्यातून तिसरीत. मग न घातलेली बाटली अडते.

उन्हाळ्याचं वेगळं संकट आहे. थंड करण्याची सोय नसलेला इन्क्युबेटर खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. खोली ४३ वर असेल तर आत ३० नाही, ४३ आहे. तिथे यीस्ट वाढत नाही, उष्णतेच्या धक्क्याची जनुकं वर येतात आणि सगळं मिसळून जातं. पाण्याच्या बाथमध्ये बर्फाच्या बाटल्या टाकून ३० धरा, थर्मामीटर पाण्यात नाही, न पेरलेल्या फ्लास्कात बुडवा. आणि शेकर इन्व्हर्टरवर घ्या. लाइट जाऊन २० मिनिटं शेकर बंद राहिला असेल तर ते कल्चर ‘हवेतला’ म्हणून वापरू नका, अगदी मग तासभर पुन्हा हलवलं तरी. नव्याने पेरलेलं बरं.

---

वऱ्हाडी_खमीर

दोन गोष्टी राहिल्या.

बीवाय४७४१ हा एस२८८सी च्या कुळातला आहे आणि या कुळात हॅप-१ जनुकाच्या शेपटीकडे टीवाय-१ हा उडता तुकडा घुसलेला आहे. त्यामुळे त्याचं हॅप-१ अधू आहे. रॉक्स-१ आणि यूपीसी-२ ची कामं चालतात, पण सीवायसी-१ सारख्या हॅप-१ च्या जनुकांत हवेत-बिनहवेत जो मोठा फरक पुस्तकात असतो तो इथे मिळत नाही. तो हवा असेल तर डब्ल्यू३०३ किंवा सीईएन.पीके घ्या. साधा बेकरी-आसवणीचा स्ट्रेन पुण्याच्या एनसीआयएम संग्रहातून मागवता येतो.

दुसरं ग्लुकोज. ‘हवा नाही म्हणून यीस्ट दारू करतं’ हे अर्धंच खरं आहे. ग्लुकोज भरपूर असलं की सेरेव्हिसी हवेतही आंबवतं, श्वसनाची जनुकं दाबून ठेवतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. हॅप-२, ३, ४, ५ या चौघांच्या संकुलातलं हॅप-४ ग्लुकोजने बंद होतं आणि श्वसन मागे पडतं. म्हणून २ टक्के ग्लुकोजमध्ये श्वसनाच्या जनुकांवर ऑक्सिजनचा परिणाम मोजायला गेलं तर साखरेचाच परिणाम मोजला जातो. त्यांच्यासाठी गॅलॅक्टोज किंवा रॅफिनोज वापरा. हेम-१३, डॅन-१ साठी ग्लुकोज चालेल.

---

नळी_आणि_बर्फ

हवेची एवढी कसरत टाळायची एक युक्ती आहे. हेम-१ जनुक काढून टाकलेला स्ट्रेन हीम बनवू शकत नाही, डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल (मिलीला ५० मायक्रोग्रॅम) दिलं तरच बनवतो. ते दिलं तर ‘हवा आहे’, न दिलं तर उघड्या फ्लास्कातही हीमपुरती ‘हवा नाही’. दोन्ही फ्लास्क एकाच शेकरवर, जार नको, सिलिंडर नको. पेशी धुऊन आम्लाविना माध्यमात टाकल्यावर तीन-चार पिढ्या, म्हणजे सहा-आठ तास थांबा, कारण जुनं हीम वाटून संपायला हवं. आम्ल नसलेल्या फ्लास्कात अर्गोस्टेरॉल आणि ट्वीन घालावंच लागतं. साध्या मोजक्या माध्यमात मेथायोनिनही, कारण सल्फाइट रिडक्टेजला सिरोहीम लागतं आणि तेही याच साखळीतून येतं. वायपीडीत मेथायोनिन असतंच. असा स्ट्रेन यीस्टवर काम करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेकडून मागा. आम्लाविना फार पिढ्या ठेवला तर त्यात श्वसन गमावलेल्या पेटीट पेशी साठतात. म्हणून प्रयोगानंतर थोड्या पेशी ग्लिसरॉल आणि आम्ल घातलेल्या प्लेटवर लावून पाहा.

हे ऑक्सिजनची खरी नक्कल नाही, फक्त हीमच्या फांदीची आहे, एवढं अहवालात लिहा. मुलींना जीएफपी (चमकणारं प्रथिन) जोडलेलं रिपोर्टर, म्हणजे जनुक चालू झालं हे डोळ्यांना दाखवणारी जोड, सुचेल. बिनहवेत ते नको. जीएफपीची चमक पक्की व्हायलाच ऑक्सिजन लागतो. बिनहवेत पेशी काळीच दिसेल आणि स्लाइडवर हवा लागली की हळूहळू चमकेल, मग वेळेचा सगळा हिशोब खोटा. लॅकझेड या एन्झाइमच्या रिपोर्टरला ही अडचण नाही.

---

अडाणकाठ

डॅन-१ चे प्रायमर जीनोमिक डीएनएवर चालले, पट्टा स्वच्छ आला. म्हणजे शून्य खरंच होतं. आता २५ मिली, ओडी ०.६, ताजं ग्लुकोज, जार, आणि ०, ३०, ६०, २४० मिनिटं व रात्रभर असे नमुने काढतो. बी.एस्सी.च्या वर्गाला पीसीआर न करता काही दाखवता येईल का?

---

मोर्शीचं_संत्र

हातातला स्पेक्ट्रोस्कोप असेल तर दाखवा. केलिन या शास्त्रज्ञाने १९२५ साली यीस्टमधली सायटोक्रोम (श्वसनाची रंगीत प्रथिनं) अशीच पाहिली होती. पाच ग्रॅम कोरडं यीस्ट दहा मिली पाण्यात भिजवून दाट लगदा करा, दोन काचांमध्ये दोन मिलिमीटर जाडीचा थर, मागे तेज बल्ब. चिमूटभर सोडियम डायथायोनाइट टाका, गुऱ्हाळात गुळाला रंग आणायला वापरतात तीच हायड्रॉस पावडर. ओल लागली तर ती पेट घेते, म्हणून कोरड्या चमच्यानेच घ्या. ६०३ नॅनोमीटरच्या आसपास एक काळी रेघ आणि ५५० ते ५६० मध्ये दोन जवळजवळच्या रेघा दिसतात.

हेच यीस्ट जारमध्ये ट्वीन-अर्गोस्टेरॉल घातलेल्या माध्यमात दोन-तीनदा पुढे नेऊन वाढवलं की रेघा जातात. त्या पेशी धुऊन अर्धा टक्का ग्लुकोजच्या फॉस्फेट बफरमध्ये काही तास हवा दिली की परत येतात. एफ्रुसी आणि स्लोनिम्स्की यांनी १९५० च्या सुमारास पॅरिसमध्ये हेच दाखवलं होतं. हवा द्यायला मत्स्यटाकीचा पंप पुरतो, फक्त हवा निर्जंतुक कापसातून गाळून घ्या. बफरमध्ये ग्लुकोज जास्त पडलं तर रेघा फिकट राहतात, म्हणून ते मोजूनच टाका.